फाज जिवाणूत शिरतो कसा? कोल्हापुरातून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की एकदोघं तरी बॅक्टेरिओफाजवर, म्हणजे जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंवर, येऊन थांबतात. विषय परवडणारा आहे. सांडपाणी फुकट, ई. कोलाय प्रत्येक लॅबच्या फ्रीजमध्ये, आणि प्लेटवर प्लाक (फाजनं जिवाणू मारल्यावर उरणारे स्वच्छ ठिपके) उठलेले दिसले की हुरूप येतो. मग कुणीतरी सुचवतं, टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) करून घ्या, थीसिसला वजन येईल. पोरं लायसेटची, म्हणजे फुटलेल्या जिवाणूंतून सुटलेल्या फाजांच्या द्रवाची, ट्यूब घेऊन थेट मायक्रोस्कोपच्या दारात उभी राहतात. ऑपरेटर ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) लावतो आणि पडद्यावर दिसतात मिठाचे खडे, अगारच्या चिंध्या आणि कोपऱ्यात एक संशयास्पद गोल. तासाचे पैसे भरून झालेले असतात.

त्यामुळे इथं मायक्रोस्कोपपेक्षा त्याच्या आधीच्या कामाबद्दलच जास्त लिहितोय. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सगळं वाळलेलं, फिक्स केलेलं नाहीतर गोठलेलं असतं. संसर्ग घडताना कुणालाच दिसत नाही. वेगवेगळ्या मिनिटांना थांबवलेल्या वेगवेगळ्या पेशी आपण पाहतो आणि त्यांचा क्रम लावतो. म्हणून ज्या फोटोमागं घड्याळ नाही आणि कंट्रोल नाही, तो कितीही देखणा असला तरी संसर्गाबद्दल काहीच सांगत नाही.

आधी प्रश्न ठरवा, मग मशीन

ई. कोलायची पेशी साधारण दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे २००० नॅनोमीटर. टी४ या ई. कोलायच्या फाजचं डोकं सुमारे १२० नॅनोमीटर लांब आणि ८६ रुंद, शेपूट १०० नॅनोमीटरच्या आसपास. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मजल २०० नॅनोमीटरला संपते. त्यामुळे इलेक्ट्रॉनांना पर्याय नाही. पण 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी करायचीय' एवढं म्हणून भागत नाही.

फाजचा आकार पाहायचा असेल तर टीईएम आणि निगेटिव्ह स्टेनिंग (कण न रंगवता त्याच्याभोवतीची जागा रंगवणं). नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. फाज पेशीवर चिकटलेत का, किती चिकटलेत आणि नंतर पेशी फुटल्या का, एवढंच पाहायचं असेल तर एसईएमवर (पृष्ठभाग दाखवणाऱ्या स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) काम भागतं. फक्त तिथं फाज म्हणजे पृष्ठभागावरचे बारीक दाणे दिसतील, शेपटीचे तपशील दिसणार नाहीत. पेशीच्या आत नवी डोकी तयार होताना पाहायची असतील तर रेझिनमध्ये बसवून पातळ छेद घ्यावे लागतात. आणि शेपटीची नळी पटलातून आत जाते कशी हे पाहायचं असेल तर क्रायो, म्हणजे नमुना झपाट्यानं गोठवून पाहणं. ते सगळ्यात शेवटी.

शिवाजी विद्यापीठाच्या सामाईक सुविधा केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचेही नमुने घेतात. कोणतं उपकरण सध्या चालू आहे, दर काय आणि जैविक नमुने घेतात का, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या. देशभरातली उपकरणं शोधायला सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. पुणे-मुंबईतल्या संस्थांचे स्लॉट तिथं सापडतात.

नमुना आणि यजमान

यजमान जिवाणू रोग न करणारा, माहितीतला घ्या. ई. कोलाय के-१२ किंवा बी वंशाचा स्ट्रेन उत्तम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा जिवाणूंचा संग्रह आहे, तिथून अधिकृत कल्चर मागवता येतं. दवाखान्यातून आणलेला औषधांना न जुमानणारा स्ट्रेन पहिल्याच प्रोजेक्टला नको. थीसिसला त्यानं वजन येत नाही, फक्त जोखीम वाढते.

फाजसाठी जयंती नाल्याचं पाणी चालतं, कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात येणारं पाणी त्याहून बरं. तिथं महापालिकेची परवानगी लागते. रंकाळ्याचं पाणी बरेच जण आणतात, पण त्यातलं शेवाळ आणि गाळ फिल्टर बुजवतात, आणि ई. कोलायचे फाज हवे असतील तर शेवटी सांडपाण्याकडंच यावं लागतं. उन्हाळ्यात नमुना घेतलेला बरा, कारण पावसाळ्यात सगळंच पातळ होतं. पंचगंगेला फूग असताना नमुन्यासाठी काठावर जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

पाणी निवळू द्या, सेंट्रिफ्यूज करा, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढा. दुप्पट ताकदीचा ब्रॉथ, लॉग फेजमधला (झपाट्यानं वाढत असलेला) ई. कोलाय आणि थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून रात्रभर ३७ अंशाला ठेवा. दुसऱ्या दिवशी गाळून दुहेरी थराच्या अगारवर प्लाक पाहा. एकच प्लाक उचलायचा, पुन्हा पसरायचा, पुन्हा एकच उचलायचा, असं किमान तीनदा. हे टाळलंत तर ग्रिडवर दोन जातींचे फाज दिसतील आणि कुणी कुणाला मारलं हे सांगता येणार नाही.

लायसेट : इथं घाई नडते

निगेटिव्ह स्टेनिंगला मिलिलिटरमागे किमान शंभर कोटी फाज लागतात, हजार कोटी असले तर काम सुखाचं होतं. त्याखाली गेलात तर ग्रिडभर शोधत बसाल आणि ऑपरेटर घड्याळाकडं बघत बसेल.

टायटर (मिलिलिटरमागे फाजांची संख्या) वाढवायला प्लेटवरचा मऊ अगार खरवडून घेण्याची पद्धत सर्रास चालते. मायक्रोस्कोपीसाठी ती सोडा. अगारचे तंतू फिल्टरमधूनही येतात आणि ग्रिडवर जाळं पसरतात. ब्रॉथमध्ये लायसिस (फाजनं पेशी फोडणं) करून घेतलेलं लायसेट बरं. आधी दहा हजार जीला (म्हणजे गुरुत्वाच्या दहा हजार पट जोरानं) पंधरा-वीस मिनिटं फिरवून जिवाणूंचे अवशेष खाली बसवा, वरचा द्रव ०.२२ किंवा ०.४५च्या फिल्टरमधून काढा. पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालून फाज साकळवणं टायटरसाठी ठीक, पण उरलेलं पीईजी पार्श्वभूमी मळकट करतं.

माझं मत विचाराल तर २५,००० जीला ४ अंशावर तासभर फिरवावं, तळाचा गोळा ०.१ मोलर अमोनियम ॲसिटेटमध्ये हलक्या हातानं विरघळवावा, आणि हे दोनदा करावं. अमोनियम ॲसिटेट सुकताना उडून जातं, मागं खडे ठेवत नाही. एसएम बफरमध्ये मीठ आणि जिलेटिन असतं. साठवणुकीला तो चांगला, ग्रिडला नाही. तुमच्या सेंट्रिफ्यूजची धाव १६-१८ हजार जीपर्यंतच असेल तर वेळ वाढवा. मोठ्या डोक्याच्या फाजांचं तेवढ्यावर भागतं. गोळा व्होर्टेक्स करायचा नाही, शेपट्या तुटतात. त्याच्यावर बफर ओतून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की तो आपोआप सुटतो. आणि डीप फ्रीजरमध्ये मुळीच नको.

ग्रिड करणं

ग्रिड म्हणजे तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी, वर कार्बनचा पातळ पडदा. इथं कोल्हापूरकरांना एक सूचना. आपल्याकडं टीईएमचा वापर मुख्यतः नॅनोकण आणि थिन फिल्मवाल्यांचा. त्यांच्याकडून उसना घेतलेला ग्रिड बऱ्याचदा भोकांच्या कार्बनचा असतो. तो आपल्या उपयोगाचा नाही. आपल्याला अखंड कार्बन फिल्म हवी, ३०० किंवा ४०० मेश. शक्य असेल तर वापरण्याआधी ग्लो डिस्चार्ज करून घ्या; नाहीतर पाण्याचा थेंब ग्रिडवर पसरायच्या ऐवजी गोळी होऊन बसतो आणि स्टेन ठिगळाठिगळांनी सुकतो.

आता हात कसा चालवायचा ते सांगतो. टेबलावर पॅराफिल्मची पट्टी. तिच्यावर ओळीनं थेंब : एक फाजचा, दोन पाण्याचे, एक स्टेनचा, प्रत्येकी दहा मायक्रोलिटर. ग्रिड चिमट्यात कडेला धरायचा, मधे नाही. कार्बनची बाजू खाली करून फाजच्या थेंबावर तरंगत ठेवायचा, एक-दोन मिनिटं. उचलल्यावर फिल्टर पेपरची फाडलेली कड ग्रिडच्या कडेला तिरकी टेकवायची. पाणी कागदात ओढलं जातं, ग्रिड ओलसर राहतो. पाण्याच्या दोन्ही थेंबांवरून असंच न्यायचं. मग स्टेनवर तीस सेकंद ते मिनिटभर. शेवटचं टिपणं महत्त्वाचं : सगळं शोषून घेतलंत तर फाजभोवती स्टेन उरत नाही आणि काहीच दिसत नाही, जास्त राहिलं तर सगळं काळं. पातळ थर राहील इतपतच टिपून सुकू द्या. पहिल्या खेपेला एकाच नमुन्याचे तीन ग्रिड करा, तिन्हींचं टिपणं मुद्दाम कमीजास्त ठेवा.

चिमट्याचा एक त्रास सगळ्यांनाच होतो. दोन पात्यांच्या फटीत द्रव चढतो आणि ग्रिड सोडताना परत त्याच्यावर उतरतो, मग टिपलेलं सगळं वाया. फिल्टर पेपरचं टोकदार तिकोनं ग्रिड सोडायच्या आधी पात्यांच्या मधे सरकवा, तो द्रव शोषला जातो.

स्टेन दोन. युरेनिल ॲसिटेट, एक ते दोन टक्के : कॉन्ट्रास्ट उत्तम, पण आम्लधर्मी, फॉस्फेटशी गाठ पडली की साका होतो, प्रकाशात खराब होतो आणि किंचित किरणोत्सारी असतो. बाटलीला फॉइल, हातात मोजे, टाकाऊ वेगळ्या बाटलीत, सिंकमध्ये कधीच नाही. ते मिळत नसेल तर फॉस्फोटंग्स्टिक ॲसिड, एक-दोन टक्के, पीएच ७ला आणून. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं २०२०मध्ये रुग्णाच्या घशाच्या स्वॅबमधल्या कोरोना विषाणूचे टीईएम फोटो घेतले, तेही निगेटिव्ह स्टेनिंगनंच. ही रीत ब्रेनर आणि हॉर्न यांनी १९५९मध्ये रुळवली आणि अजून तिला तोड नाही.

झालेले ग्रिड ग्रिडबॉक्समध्ये, ग्रिडबॉक्स सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा काय असते ते तुम्हाला माहीत आहे.

मशीनपाशी

ऑपरेटरला सुरुवातीलाच सांगा की नमुना जैविक आहे, मऊ आहे. नॅनोकणांसाठी २०० केव्हीवर लावलेलं मशीन तसंच ठेवलं तर कॉन्ट्रास्ट फिका येतो. ८० ते १२० केव्ही जमत असेल तर ते, नाहीतर निदान छोटं ऑब्जेक्टिव्ह ॲपर्चर घालायला सांगा. बीम एका जागी फार वेळ रोखू नका, कण भाजतो.

आधी कमी मॅग्निफिकेशनवर ग्रिडचे चौकोन फिरून पाहा. फिका करडा, सारखा रंग असलेला चौकोन शोधा. मग वीस-तीस हजारपटीवर जा, फाज दिसला की आणखी वर. प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी आणि मूळ फाइल हवी. व्हॉट्सॲपवर आलेल्या जेपीजीवरून मोजमाप करू नका. मोजायला इमेज-जे फुकट मिळतं. वीस-तीस तरी कण मोजा, डोक्याची लांबी-रुंदी आणि शेपूट. मॅग्निफिकेशन बरोबर आहे का हे तपासायला ओळखीच्या मापाचं काहीतरी त्याच दिवशी, त्याच मशीनवर पाहा : कॅटलेजचे स्फटिक किंवा टी४ फाज. फाजचे हजारो फोटो तपासणारे कॅनडातले हान्स-वोल्फगांग आकरमान याच एका गोष्टीवरून आयुष्यभर लोकांना टोकत राहिले. त्यांच्या २००७च्या मोजदादीत तोवर मायक्रोस्कोपखाली पाहिलेले साडेपाच हजारांवर फाज होते, त्यातले ९६ टक्के शेपटीवाले. तेव्हा तुमच्याही ग्रिडवर शेपूटवालाच निघण्याची शक्यता जास्त.

नाव देताना जपून. आकुंचन पावणारी शेपूट असलेला मायोव्हायरस, लांब लवचीक शेपटीचा सायफोव्हायरस, आखूड शेपटीचा पोडोव्हायरस, ही आकारावरून केलेली वर्णनं आजही चालतात. पण त्या नावांची कुळं आंतरराष्ट्रीय समितीनं २०२२मध्ये रद्द केली. जुन्या थीसिसमधून उतरवलेलं 'कुळ मायोव्हिरिडी' परीक्षकाला खटकेल.

संसर्गाचा क्रम लावणं

इथवर फक्त फाज पाहून झाला. आता तो जिवाणूबरोबर.

१९४२मध्ये लुरिया आणि अँडरसन यांच्या फोटोंत फाजला डोकं आणि शेपूट असल्याचं स्पष्ट दिसलं. पण तो कुठल्या बाजूनं चिकटतो हे ठरेना, कारण हवेत सुकताना पाण्याच्या पृष्ठताणानं सगळं चपटं होत होतं. अँडरसन यांनी त्यासाठी १९५१मध्ये क्रिटिकल पॉइंट ड्रायिंग (पृष्ठताण टाळून सुकवायची रीत) काढलं, आणि फाज शेपटीवर उभे असलेले दिसले. पुढच्याच वर्षी हर्शी आणि चेस यांनी दाखवलं की आत जातो तो मुख्यतः डीएनए, प्रथिनांचं कवच बाहेर राहतं. आज एसईएमवाले ज्या ड्रायरमध्ये नमुने सुकवतात, त्याचा जन्म या फाजच्या भानगडीत झाला.

प्रयोग असा मांडा. ई. कोलाय ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.३पर्यंत वाढवा. मिलिलिटरमागे साधारण वीस-पंचवीस कोटी पेशी होतात. एका पेशीमागे दहा फाज हवे असतील तर मिलिलिटरला अडीचशे कोटी फाज लागतील, म्हणजे हजार कोटींच्या साठ्यातलं पाव मिलिलिटर. ओडीवरून काढलेला हा अंदाजच; तुमच्या स्ट्रेनची पेशीसंख्या प्लेटवर मोजून घ्या. एमओआय (पेशीमागे फाजांचं हे प्रमाण) दहा ठेवायचं कारण सरळ आहे : फार कमी, ०.१ ठेवलात तर दहा पेशींत एखादीच संसर्गित सापडते. पण शंभराच्या घरातही नेऊ नका. फाजांच्या नुसत्या माऱ्यानं पेशी बाहेरूनच फुटतात आणि ते आतून झालेलं लायसिस समजून तुम्ही लिहून टाकाल.

सगळ्या पेशींत संसर्ग एकाच वेळी सुरू व्हायला हवा. फाज आणि पेशी बर्फावर थोडा वेळ एकत्र ठेवा, न चिकटलेले फाज हलक्या सेंट्रिफ्यूजनं काढा, मग ३७ अंशाच्या ब्रॉथमध्ये टाका आणि घड्याळ सुरू करा. तुमचा फाज थंडीत चिकटत नसेल तर ही पायरी सोडावी लागेल, म्हणून आधी साधी ॲडसॉर्प्शनची (चिकटण्याची) चाचणी करून घ्या. टी४ला फाज टाकल्यापासून लायसिसपर्यंत ३७ अंशावर साधारण पंचवीस-तीस मिनिटं लागतात. तुमच्या फाजचा वेळ वन-स्टेप ग्रोथ कर्व्हमधून (संसर्गानंतर फाजांची संख्या वेळेगणिक मोजून काढलेल्या आलेखातून) आधी काढलेला हवा. नमुने ०, २, ५, १०, १५, २० आणि २५ मिनिटांना.

थांबवायचं ग्लुटारालडिहाइडनं. ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटर २५ टक्क्यांचं ग्लुटारालडिहाइड आधीच भरून ठेवा; वेळ झाली की ९०० मायक्रोलिटर कल्चर त्यात, झाले २.५ टक्के. ट्यूबवर मिनिटं आधीच लिहा, ऐन वेळी मार्कर सापडत नाही. ट्रिस बफर इथं नको, ग्लुटारालडिहाइड त्याच्याशीच अडकून बसतं. फॉस्फेट किंवा कॅकोडायलेट घ्या. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक आहे, फ्यूम हूडखालीच.

प्रत्येक वेळेचे दोन वाटे करा. एक निगेटिव्ह स्टेनिंगला किंवा एसईएमला. एसईएमसाठी अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, क्रिटिकल पॉइंट ड्रायर (नसेल तर एचएमडीएस हे सुकवायचं रसायन) आणि सोन्याचा पातळ मुलामा. दुसरा वाटा छेदांना : एक टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड, पुन्हा अल्कोहोल, रेझिन, ६० अंशाच्या ओव्हनमध्ये एक-दोन दिवस, मग हिऱ्याच्या सुरीनं ६० ते ८० नॅनोमीटरचे छेद. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना घातक असते, ती बाटली एकट्यानं हाताळू नका. टीईएम आहे म्हणजे अल्ट्रामायक्रोटोम (असे पातळ छेद कापायचं यंत्र) असेलच असं नाही, आधी विचारा. फिक्स केलेला गोळा बफरमध्ये ४ अंशावर काही दिवस राहतो, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून एसटीनं पुण्यापर्यंत नीट जातो.

कंट्रोल तीन. फाज न घातलेल्या पेशी, त्याच वेळांना. जिवाणू नसलेले फाज, त्याच फिक्सेटिव्हमधून गेलेले. आणि न चिकटणारा स्ट्रेन असेल तर त्याच्यासोबतचे फाज.

दुसरा कंट्रोल लोक गाळतात, आणि गफलत तिथंच होते. निगेटिव्ह स्टेनमध्ये भरलेलं डोकं पांढरट दिसतं, रिकाम्यात स्टेन शिरतो म्हणून ते मधे काळं दिसतं. पेशीवर रिकामं डोकं आणि आखडलेली शेपूट दिसली की 'डीएनए आत गेला' असं लिहायचा मोह होतो. पण जुन्या साठ्यात, गोठवून वितळवलेल्या नमुन्यात किंवा नुसत्या स्टेनच्या आम्लानंही डोकी रिकामी होतात, शेपट्या आखडतात. फाज एकटे असताना किती टक्के रिकामे आणि पेशीवर चिकटल्यावर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले तरच वाक्य उभं राहतं.

छेदांत काय पाहाल? पहिल्या मिनिटांत पेशीच्या कडेला चिकटलेली डोकी. भरलेली काळीभोर, रिकामी फिकट. इथं रंग निगेटिव्ह स्टेनच्या उलट असतो, गोंधळू नका. टी४मध्ये पुढं जिवाणूच्या डीएनएचा फिकट पट्टा विस्कटतो. बाराएक मिनिटांनी पहिले पूर्ण फाज तयार व्हायला लागतात, मग आत भरलेली आणि अर्धवट डोकी वाढत जातात. प्रत्येक वेळेला पन्नासेक पेशी मोजा, आवडलेल्या दोन नाही.

फसवणारे आकार

फ्लॅजेला आणि पिलाय हे जिवाणूचे केसासारखे तंतू लांब शेपटीसारखे दिसतात. पटलाचे फुटके फुगे गोल असतात आणि डोक्याचा आव आणतात. खऱ्या डोक्याला कोन असतात आणि सगळी एका मापाची असतात. डोकं नसलेल्या नुसत्या शेपट्या दिसल्या तर त्या तुटलेल्या फाजच्या असतील किंवा जिवाणूनंच बनवलेल्या, पायोसिन या जिवाणूमारक प्रथिनासारख्या. छेदातले वीसेक नॅनोमीटरचे ठिपके रायबोसोम असतात, फाज नव्हेत. छेद रंगवायचं लेड सायट्रेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून काळे गोल खडे सोडतं, तेही नवख्याला फाज वाटतात. रंगवताना भोवती सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवा आणि श्वास दुसरीकडं सोडा.

फोटोखाली ओळ अशी लिहा : 'टी४ आणि ई. कोलाय बी, एमओआय १०, ३७ अंश, ५ मिनिटं. ७० नॅनोमीटर छेद, युरेनिल ॲसिटेट व लेड सायट्रेट. पट्टी २०० नॅनोमीटर.' यातलं काही लिहिता येत नसेल तर तो फोटो परिशिष्टात टाका.

क्रायो कधी?

क्रायोमध्ये नमुना द्रव इथेनमध्ये इतक्या झपाट्यानं गोठवतात की बर्फाचे स्फटिकच होत नाहीत. स्टेन नाही, वाळवणं नाही. २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. अडचण जाडीची : ई. कोलायची पेशी आरपार पाहायला फार जाड. म्हणून २०१३मध्ये टी७ या ई. कोलायच्याच दुसऱ्या फाजचा आणि २०१५मध्ये टी४चा प्रवेश पाहणाऱ्या गटानं मिनीसेल वापरल्या, म्हणजे गुणसूत्र नसलेल्या छोट्या पेशी. दुसरी वाट आयन बीमनं पेशी तासून पातळ करण्याची.

हे काम कोल्हापुरात बसून होणारं नाही, त्यासाठी बेंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) आवारातल्या राष्ट्रीय क्रायो सुविधेसारख्या ठिकाणी अर्ज करावा लागतो. अर्जासोबत टायटर, शुद्धतेचा पुरावा म्हणून निगेटिव्ह स्टेनचे फोटो आणि वन-स्टेप कर्व्ह जोडा. हे तिन्ही तुम्ही इथंच तयार करू शकता, आणि ते नसतील तर स्लॉट मागूच नका.